एक सही आणि दोन मापे

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. तास संपवून आम्ही बाहेर पडत होतो, तेव्हा वर्गाच्या दाराशी एक निवेदन फिरत होते. मुदत संपल्यावरही चालणारी पर्ससीन जाळ्यांची मासेमारी आणि रात्री समुद्रात दिवे लावून केली जाणारी मासेमारी बंद व्हावी, कायदा मोडणाऱ्या नौकांवर कारवाई व्हावी, अशी मागणी त्यात होती. खाली पन्नास-साठ सह्या झाल्या होत्या. ज्या मुलाने तो कागद माझ्या हाती दिला, त्याला माझ्या सहीची खात्रीच होती. कारण माझे वडील रापणकर आहेत, हे साऱ्या वर्गाला ठाऊक आहे. मी पेन काढले, टोपण उघडले आणि थांबले. "उद्या करते," असे म्हणून कागद पुढे सरकवला.

वर्गाला ठाऊक नव्हते ते एवढेच की, माझे धाकटे काका गेली तीन वर्षे तशाच एका पर्ससीन नौकेवर खलाशी आहेत आणि माझी कॉलेजची फी त्यांच्या कमाईतून भरली जाते.

त्या रात्री मला झोप आली नाही. नीतिशास्त्राच्या तासाला आपण कर्तव्य, सुख, हेतू, परिणाम असे शब्द शिकतो. परीक्षेत त्यांवर दहा-दहा गुणांची उत्तरेही लिहितो. पण हे शब्द एखाद्या दिवशी आपल्याच घरच्या ओटीवर येऊन बसतील आणि उत्तर मागतील, असे कधी वाटत नाही. ते आले, तेव्हा माझ्यापाशी उत्तर नव्हते. पुढे जे काही सुचले, ते या पानांतून मांडावे असे वाटते. उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही; मी फक्त माझा हिशेब मांडते आहे.

आपल्या किनाऱ्यावर वाढलेल्यांना रापण काय ते सांगायला नको. पण घाटावरून आलेल्या मित्रांसाठी थोडे सांगते. होडीतून जाळे नेऊन समुद्रात अर्धवर्तुळात सोडायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढायची, ही रापण. ती एकट्या-दुकट्याचे काम नव्हे. तीस-चाळीस माणसे दोराला लागतात. मासळी आली की वाटे पडतात: जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा. आमच्या गावात तर वाटेने जाणाऱ्यानेही दोराला हात लावला, तरी तो मोकळ्या हाताने परत जात नाही. लहानपणी मी स्वतः दोर ओढून चार बांगडे घरी आणलेले आहेत. रापणीला एकच मर्यादा आहे. मासळी किनाऱ्यापाशी आली, तरच ती मिळते. रापण मासळीच्या मागे जाऊ शकत नाही.

पर्ससीनचे जाळे मासळीच्या मागे जाते. थव्याभोवती जाळ्याचा वेढा घालायचा आणि बटव्याची दोरी ओढावी तसा तळ आवळून घ्यायचा, म्हणजे तारली-बांगड्याचा अख्खा थवा एका वेळी नौकेत येतो. त्यात दिव्यांची भर पडली की रात्रीच्या काळोखात मासळी आपण होऊन उजेडाकडे येते. किनाऱ्यावरच्या दोराला मग काय लागणार?

हा झगडा आजचा नाही आणि एकट्या मालवणचाही नाही. १९७० नंतरच्या दशकात कर्नाटकाच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यांवर यांत्रिक नौका आणि पर्ससीन आल्या, तेव्हा तिथल्या रापणकरांनी हेच भोगले. गोव्यात रामपोणकारांनी मोठे आंदोलन उभारले. माथानी साल्ढाणा या शिक्षकाने त्याचे नेतृत्व केले. आपल्या महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. सिंधुदुर्ग जिल्हाही त्याच वर्षी १ मे रोजी रत्नागिरीतून वेगळा झाला. म्हणजे जिल्हा आणि कायदा दोघेही एकाच वयाचे. पुढे ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले आणि ती मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढ्या महिन्यांपुरती मर्यादित केली. नोव्हेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीला बंदी केली. २०२१ मध्ये कायदा सुधारून दंडाच्या रकमा लाखांच्या घरात नेल्या. कायद्याची उणीव आहे, असे म्हणायला फारशी जागा उरलेली नाही. तरीही रात्री किनाऱ्यावर उभे राहिले की क्षितिजाशी दिव्यांची रांग दिसते.

ती रांग पाहून वडील गप्प बसतात आणि काका दुसरीकडे पाहतात. आमच्या घरातला कायद्याचा प्रश्न हा असा आहे.

आता काकांची बाजू. ते नौकेचे मालक नाहीत. नौका कुठे न्यायची, कधी न्यायची, हे ते ठरवत नाहीत. रापणीला मासळी लागेनाशी झाली, म्हणून ते नौकेवर गेले. म्हणजे ज्या जाळ्याने रापण उपाशी ठेवली, तेच जाळे आज रापणकराच्या भावाला जेवू घालते. त्यांना विचारले तर ते म्हणतात, परराज्यांतले मोठे ट्रॉलर आपल्या समुद्रात येऊन मासळी ओरबाडून नेतातच. मग आपण सोडली तर उरणार कोणासाठी? हे खोटे नाही. पण हेच वाक्य ट्रॉलरवरचा माणूसही बोलत असणार, फक्त बोट आपल्याकडे दाखवून.

इथे मला पहिल्यांदा एक गोष्ट जाणवली. आपण सगळेच दोन मापे बाळगतो. जुन्या काळी काही व्यापारी धान्य घेताना मोठे आणि देताना लहान माप वापरीत, असे घरातली म्हातारी माणसे सांगतात. नीतीच्या बाबतीत आपला व्यवहार असाच असतो. दुसऱ्याचा अपराध मोजताना कायद्याचे माप आणि आपला मोजताना गरजेचे माप.

माझे वडीलही याला अपवाद नाहीत. आमच्या रापणीच्या जाळ्याचा आस काही ठिकाणी इतका बारीक असतो की त्यात मासळीची पिल्लेही येतात. २०२३ साली राज्य सरकारने ५४ जातींच्या माशांची किमान लांबी ठरवून दिली. त्याहून लहान मासा धरू नये, विकू नये, असा नियम झाला. वाळूवर तडफडणारी ती पिल्ले परत पाण्यात टाकताना मी फार थोड्यांना पाहिले आहे. "एवढ्याश्याने काय होता?" असे आम्ही म्हणतो. पर्ससीनवाला अख्खा थवा उचलूनही हेच म्हणतो. दोघांच्या अपराधाचे वजन सारखे नाही, हे मान्य. पण सबबीचे वजन मात्र अगदी सारखे आहे.

आणखी एक प्रसंग सांगते. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणात राजकोट येथे उभारलेला छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा कोसळला. ४ डिसेंबर २०२३ रोजी त्याचे अनावरण झाले होते. नऊ महिनेही पुरे झाले नव्हते. समोर सिंधुदुर्ग किल्ला साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा झेलत उभा आहे आणि किनाऱ्यावरचा पुतळा एका पावसाळ्यात पडतो, ही गोष्ट सर्वांच्याच मनाला लागली. त्या दिवसांत आई बाजारात मासळी विकायला बसे, तेव्हा मीही सुट्टीच्या दिवशी तिच्या पाटीपाशी असे. येणारे प्रत्येक गिऱ्हाईक त्याच विषयावर बोले. कोणी काम नीट पाहिले नाही, कोणी घाई केली, जबाबदार कोण, सगळेच कसे एकमेकांकडे बोट दाखवतात! सारे प्रश्न रास्त होते. आणि ते विचारता विचारता गिऱ्हाइकांचे हात पाटीतली लहान, कोवळी सुरमई निवडीत होते. "मोठी नको गो, दोघांपुरती लहानशी दी." एकाने तर जबाबदारी या विषयावर दहा मिनिटे व्याख्यान देऊन वीतभर मासा पिशवीत घातला. मला तेव्हा हसू आले. नंतर मात्र आले नाही. कारण ती मासळी विकणारी माझीच आई होती आणि पैसे मोजून घेणारी मी.

सार्वजनिक जीवनातली नीती आणि खासगी जीवनातली नीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे आपण धरून चालतो. पुढाऱ्याने प्रामाणिक असावे, अधिकाऱ्याने निःपक्षपाती असावे, ठेकेदाराने सिमेंट चोरू नये. आपण मात्र माणसे आहोत, आपल्याला घर आहे! पण पुढाऱ्यालाही घर असते, ठेकेदारालाही पुतणी असते. त्याने काही केले असेल, तर ते घराकडे पाहूनच केले असेल.

याच मतदारसंघाने एकेकाळी दिल्लीला पाठवलेल्या माणसाचे उदाहरण इथे आठवते. तेव्हाच्या राजापूर मतदारसंघातून बॅ. नाथ पै १९५७, १९६२ आणि १९६७ अशा तीन निवडणुका जिंकले. त्यांच्या निधनानंतर १९७१ पासून प्रा. मधु दंडवते सलग पाच वेळा निवडून आले. १९७४ मध्ये देशभर रेल्वे कामगारांचा मोठा संप झाला आणि हजारो कामगारांना नोकरीला मुकावे लागले. दंडवते तेव्हा विरोधी बाकांवर होते आणि कामगारांच्या बाजूने बोलत होते. १९७७ मध्ये तेच रेल्वेमंत्री झाले. विरोधात असताना केलेली मागणी खुर्चीवर बसल्यावर विसरणे फार सोपे असते. तिला प्रशासनाची अडचण, शिस्तीचा प्रश्न अशी भारदस्त नावेही देता येतात. दंडवत्यांनी त्या कामगारांना परत कामावर घेण्याचा निर्णय घेतला. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आली, तीही त्यांच्याच काळात. टेबलाच्या या बाजूला आणि त्या बाजूला माप एकच ठेवणे, याहून सार्वजनिक नीतीची वेगळी व्याख्या मला सुचत नाही.

पण दंडवत्यांचा प्रश्न आणि माझा प्रश्न यांत एक फरक होता. त्यांना आपला शब्द पाळायचा होता. मला तर ज्याच्या अन्नावर शिकते आहे, त्याच्याच विरोधात सही करायची होती. ज्याने आपल्यासाठी कष्ट उपसले, त्याच्याशी कृतघ्न होणे ही नीती कशी?

असे पेच नवे नाहीत. लोकमान्य टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त 'कर्मजिज्ञासा' नावाचे एक प्रकरण आहे. दोन धर्म एकमेकांसमोर उभे ठाकले की भलेभलेही गोंधळतात, हे दाखवताना टिळक अर्जुनाच्या जोडीला शेक्सपिअरच्या हॅम्लेटला आणि कोरायलेनसला आणतात. अर्जुनासमोरही परके नव्हते, काका-मामाच होते. फ्रान्समध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एक विद्यार्थी ज्याँ-पॉल सार्त्रकडे असाच पेच घेऊन आला. त्याचा भाऊ युद्धात मारला गेला होता. घरी एकटी आई त्याच्याच आधारावर जगत होती. आणि त्याला तर इंग्लंडला जाऊन स्वतंत्र फ्रेंच सैन्यात दाखल व्हायचे होते. आई की देश? सार्त्रने त्याला उत्तर दिले नाही. तू मोकळा आहेस, तूच निवड, एवढेच सांगितले.

हे वाचले तेव्हा मला सार्त्रचा राग आला होता. आता वाटते, त्याचे अर्धे खरे होते. काय निवडावे, हे दुसरा कोणी सांगू शकत नाही. पण कसे निवडावे, हे मात्र थोडेफार सांगता येते. लपवून की उघड? दुसऱ्याच्या खर्चाने की स्वतःच्या? आपल्या पेचात अडकलेल्या माणसाला विचारून की त्याच्या पाठीमागे?

मी रविवारी घरी गेले. काका खळ्यात बसून जाळे शिवत होते. मी त्यांच्या शेजारी बसले आणि म्हटले, "काका, एका निवेदनार सही करतलंय मी." कसले निवेदन, ते सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हातातली सुई चालूच होती. मग म्हणाले, "रापणीच्या वाट्यात तुझी फी भागतली काय?"

"भागूची नाय."

"मगे?"

"फी तुमी भरतास, म्हणान पयला तुमका सांगतंय."

"मी नाय गेलंय तर दुसरो जातलो. बोट थांबूची नाय."

याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर भीती स्पष्ट दिसत होती. दोन भावांच्या मध्ये आता ही पोर नवे काय काढते, अशी ती भीती होती. शेवटी काका सुई खाली ठेवून म्हणाले, "सही कर. पण बोटी बंद झाल्यार खलाश्यांचा काय होतला, ता पण त्या कागदार लिवा."

दुसऱ्या दिवशी मी हे निवेदन काढणाऱ्या मित्रांना सांगितले. वाद झाला. काहींना वाटले, यामुळे मागणी पातळ होते. काहींनी माझ्याकडे पाहिले आणि त्यांना माझ्या 'उद्या'चा अर्थ कळला. अखेरीस दोन वाक्ये वाढली: कारवाई नौकामालकांवर व्हावी, पोटासाठी काम करणाऱ्या खलाशांवर नव्हे, आणि या खलाशांना दुसरा रोजगार मिळण्याची सोय व्हावी. निवेदन त्यामुळे पातळ झाले नाही, अधिक खरे झाले, असे मला आजही वाटते. मग मी सही केली. सध्या मी संध्याकाळी तीन मुलांची शिकवणी घेते आणि या सत्राची अर्धी फी मी भरली. उरलेली अर्धी काकांनी भरली. म्हणजे माझे माप अजून पुरते एक झालेले नाही, हे मी लपवत नाही.

या साऱ्यातून मला जे कळले, ते फार मोठे नाही. आपल्या माणसाविरुद्ध उभे राहण्याची वेळ आली तर आधी त्याच्या तोंडावर सांगावे. कागदावर त्याला ते प्रथम कळू नये. ज्या नियमाची मागणी आपण दुसऱ्याकडून करतो, त्यातला आपला वाटा आधी मोजावा. आपल्या नीतीची किंमत दुसऱ्या गरिबाने भरावी, अशी व्यवस्था करू नये. तिचा काही भार आपल्या अंगावर घ्यावा. आणि एवढे करूनही मनाची टोचणी राहिली, तर ती राहू द्यावी. टोचणी राहिली म्हणजे निर्णय चुकलाच, असे नाही.

माझ्या सहाध्यायांना एक विचारावेसे वाटते. ज्या हाताने आपण निवेदनावर सही करतो, त्याच हाताने गैरहजर मित्राची हजेरी लावतो. परीक्षेच्या खोलीत मागच्याला उत्तरपत्रिका दाखवणे ही आपल्याकडे मैत्री समजली जाते. न दाखवणारा स्वार्थी ठरतो. तिथेही 'आपला माणूस' हीच सबब असते. उद्या आपल्यातलेच कोणी तलाठी होतील, कोणी मत्स्यखात्यात परवान्यांच्या फायली पाहतील, कोणी ठेकेदाराची बिले तपासतील. तेव्हा समोर येणाराही कोणाचा तरी 'आपला माणूस'च असेल. ती सवय त्या दिवशी एकाएकी कुठून सुटणार?

आणि गुरुजनांनाही एक नम्र विनंती. आपल्यापैकी अनेकजण आईकडे मासळी घ्यायला येतात, तिची विचारपूस करतात, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पुढच्या खेपेला लहान मासा मागू नका. विकणाऱ्या बाईला नाही म्हणणे परवडत नाही, घेणाऱ्याला परवडते. आईला मी हे सांगून पाहिले आहे. ती म्हणाली, "गिराईक मागता, मी काय करू?" तिच्या या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नाही, तुमच्या-माझ्याकडे आहे.

निवेदनाचे पुढे काय झाले, असे कोणी विचारील. ते योग्य त्या कचेरीत दिले गेले आणि पोच मिळाली. दिवे अजून दिसतात. वडील अजून रापणीला जातात. काका नौकेवर जातातच. पण निघताना आता दुसरीकडे पाहत नाहीत, "येतंय गो" असे सांगून जातात. मी "बरा" म्हणते. यापुढचा शब्द आम्हा दोघांनाही अजून सापडलेला नाही. पण एकमेकांपासून लपवण्यासारखे मात्र काही उरलेले नाही.